एक्स्प्रेसकार्ड स्लॉट बंद पडलाय? आधी हे बघा

लगेच मदरबोर्ड गेला असं समजू नका. एक्स्प्रेसकार्ड स्लॉट म्हणजे जुन्या लॅपटॉपच्या कडेला जादा कार्ड बसवायची खाच. या स्लॉटमध्ये डेटा जायच्या दोन वाटा असतात, पीसीआय एक्स्प्रेस आणि यूएसबी 2.0, आणि कार्ड आपल्या सोयीची वाट वापरतं. जुनी इंटरनेट डेटा कार्डं बहुधा यूएसबीवर चालतात, तर ईसाटा (बाहेरची हार्ड डिस्क जोडायचा पोर्ट) किंवा यूएसबी 3.0 ची कार्डं पीसीआय एक्स्प्रेसवर. म्हणून दोन्ही प्रकारची कार्डं मागूनसवरून आणा आणि लावून बघा. एकच प्रकार चालला, तर स्लॉटला वीज मिळतेय. दोष त्या दुसऱ्या वाटेत किंवा सेटिंगमध्ये आहे.

पीसीआय एक्स्प्रेसवालं कार्ड दिसत नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, कार्ड बसवा, मग चालू करा. आता दिसलं तर हार्डवेअर ठीक आहे, चालू मशीनमध्ये कार्ड ओळखण्यात घोळ आहे. लिनक्सवर 'एलएसपीसीआय' (lspci) आणि 'एलएसयूएसबी' (lsusb) या कमांड त्या त्या वाटेवर कोणती कार्डं दिसताहेत ते सांगतात. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, स्लॉट 'डिसेबल्ड' (बंद) नाही ना, तेही पाहा.

काहीच दिसत नसेल तर चार्जर, बॅटरी काढून टॉर्चने आत बघा. 34 मिलिमीटरचं कार्ड 54 च्या स्लॉटमध्ये बसतं, पण तिरकं ढकललं की संपर्कपट्ट्या वाकतात. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्लॉटमध्ये मात्र कापूस घालू नका, धागे अडकतात. हवेचा फवारा पुरे. वाकलेली पट्टी सुईने सरळ करायचा मोह आवरा, ती तुटली की कनेक्टरच बदलावा लागतो.