‘म्हैस’ या हाकेचं आता हसू येत नाही

प्रिय उदगीरच्या ताई,

नांदेडच्या होस्टेलात तुमच्या टोळीत सगळ्यांनाच जनावरांची नावं पडली. रात्री जिन्यात पाऊल वाजलं की अख्खा मजला जागा करणारी टिटवी, पलंगावर बसली की न हलणारी घोरपड, ट्रंकेत शेंगदाण्याचे लाडू दडवणारी खार. आणि सावळ्या, अंगानं भरलेल्या म्हणून तुम्ही म्हैस. इतकी वर्षं हसून सोडून दिलंत. परवा लग्नाच्या मांडवात खारीनं लांबून हाक मारली, ‘का गं म्हशे, जेवलीस का?’ घरी आल्यावर आठवीतल्या लेकीनं विचारलं, ‘आई, मी पण तुझ्यासारखीच दिसते ना?’ तेव्हापासून तुम्ही ग्रुपवर गप्प आहात आणि मला विचारताय, एवढ्याशा गोष्टीसाठी मैत्री सोडू का?

गोष्ट एवढीशी नाही. मैत्री मात्र सोडू नका.

टिटवी माळावर उघड्यावर अंडी घालते, म्हणून जरा चाहूल लागली की ओरडते. तुमची टिटवीही तशीच. तुमच्या बाळंतपणात रात्रभर सगळ्यांना फोन तिनंच केले, असं तुम्हीच लिहिलंय. तिचं नाव स्वभावावरून पडलं, खारीचं अन् घोरपडीचं सवयीवरून. त्यांना ती नावं अजून गोड वाटतात यात नवल नाही. तुमचं तेवढं कातडीवरून पडलं. आपल्याकडं देवणी जातीच्या गाई-बैलांत वानेरा, बालंक्या, शेवेरा हे प्रकार अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या रंगावरून ओळखतात. बैलबाजारात ते रास्त आहे. मैत्रिणीला असं पारखलेलं मला सहन होत नाही, कारण सावळ्या पोरींना आपल्या घरांतून हेच ऐकावं लागतं, बघायच्या कार्यक्रमात तर तोंडावर.

कुणी म्हणेल, मराठवाडी म्हैस किती काटक, दुष्काळी मुलखातही दूध देते, उलट अभिमान बाळग! म्हशीचे गुण मला मान्य आहेत. पण अशी समजूत घालून घेऊ नका.

ग्रुपवर लिहू नका, तिथं चार हसरे चेहरे पडतील अन् विषय वाहून जाईल. खारीला फोन करा. ‘मला त्या नावानं हाक मारू नकोस, माझ्या लेकीला ते लागलंय,’ एवढंच बोला. ‘राग मानू नकोस हं’ हे शेपूट जोडू नका. ती म्हणेल, ‘अगं, प्रेमानं म्हणतो आम्ही.’ तुम्ही म्हणा, ‘माहितीय. तरी नको.’ मग टिटवीला सांगा. पुढचं सगळ्यांपर्यंत ती पोचवेल. त्यातूनही कुणाच्या तोंडून निघालंच, तर नावानं हाक येईपर्यंत ओ देऊ नका.

आणि लेकीला आजच सांगा, की हो, तू माझ्यासारखीच दिसतेस, आणि मला ते नाव कधीच आवडलं नव्हतं. खारीला फोन लावताना तिला शेजारी बसवा. आई ‘नको’ म्हणते, हे तिनं स्वतःच्या कानानं ऐकायला हवं.