वाचकांचे प्रश्न : भंगारातून मिनी बाइक, जुने काय चालते आणि नवे काय लागते

शेतात किंवा माळावर चालवता येईल अशी छोटी दुचाकी घरीच तयार करण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी निवडली आहेत. जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे पाण्याच्या पंपाचे जुने पेट्रोल इंजिन पडून आहे. दोन जुन्या सायकलींचे सांगाडे आणि नळकामातून उरलेले अर्ध्या इंचाचे पाइपही आहेत. धाकटा भाऊ वेल्डिंगचे काम करतो. एवढ्या साहित्यात मिनी बाइक होईल का?
— एक शेतकरी, सांगोला तालुका

उत्तर : आपल्या यादीतील इंजिन उपयोगी पडण्याची शक्यता आहे. सायकलींचे सांगाडे मात्र मोडीत द्यावेत आणि नळाचे पाइप नळालाच ठेवावेत, असे आमचे मत आहे. सायकलीचा पाइप पातळ असतो. माणसाच्या पायांचा जोर तो वर्षानुवर्षे सोसतो, पण इंजिनाची अखंड थरथर त्याला मानवत नाही आणि पहिली चीर बहुधा वेल्डिंगच्या अगदी शेजारी पडते. नळाच्या पाइपची जाडी पुरेशी असली तरी त्यावरचा जस्ताचा मुलामा वेल्डिंगच्या आचेत जळून पांढरा धूर होतो. तो धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. शिवाय मुलामा नीट घासून काढला नाही, तर जोडात बुडबुडे राहतात. त्यापेक्षा बाहेरून एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर व्यासाचा आणि २ मिलिमीटर जाडीचा काळा एम. एस. (साध्या पोलादाचा) पाइप नवा घ्यावा. वीस फुटी दोन नगांत छोटा सांगाडा होतो आणि संपूर्ण गाडीच्या खर्चात या पाइपचा वाटा फार मोठा नसतो.

आता इंजिनाकडे वळू. पंपाच्या इंजिनाचा शाफ्ट, म्हणजे बाहेर आलेला फिरता दांडा, आधी पाहावा. पुष्कळ पंपांत इंपेलर (पाणी फेकणारा पंखा) बसवण्यासाठी शाफ्टच्या टोकाला आटे पाडलेले असतात. अशा शाफ्टवर क्लच किंवा स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) भरवशाने बसत नाही. शाफ्ट सरळ असेल आणि त्यावर चावीची खाच असेल, तरच पुढे जावे. होंडाच्या जीएक्स १६० या १६३ सीसीच्या प्रचलित इंजिनात आणि त्याच धर्तीच्या इतर इंजिनांत तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडला असलेली पळी फिरताना तेल उडवते आणि त्यावरच सगळ्या भागांचे वंगण चालते. त्यामुळे इंजिन फार वेळ २० अंशांहून अधिक कललेले राहिले, तर तेल पळीपर्यंत पोहोचत नाही. खडी चढण चढायची हौस असेल, तर हे इंजिन त्या कामाचे नाही. गव्हर्नर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा भाग) काढून वेग वाढवण्याचा सल्ला आपल्याला कुणी ना कुणी देईलच, पण तो ऐकू नये. हे इंजिन मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या मर्यादेसाठी बनवलेले असते. त्यापलीकडे रेटल्यास कनेक्टिंग रॉड तुटतो किंवा ओतीव फ्लायव्हील (इंजिनाचे जड फिरते चाक) फुटते, आणि फ्लायव्हीलचे तुकडे ज्या दिशेला उडू शकतात त्याच दिशेला चालवणाऱ्याची पोटरी असते.

पंपाच्या इंजिनाला क्लच नसतो. तो वेगळा, सेंट्रिफ्यूगल म्हणजे फेऱ्या वाढल्या की आपोआप पकडणारा, घ्यावा लागतो. हा खर्च आणि लेथवरचे काम टाळायचे असेल, तर आणखी एक मार्ग आहे. टीव्हीएस एक्सएलसारख्या मोपेडचे इंजिन घ्यावे. त्यात क्लच आतच असतो, गिअर बदलायचे नसतात आणि मागच्या चाकाकडे चेन जाते, म्हणजे मिनी बाइकला लागणारी सगळी व्यवस्था त्यात आयतीच असते. पहिल्यांदा गाडी बनवणाऱ्याने पंपाच्या मोहात न पडता मोपेडच शोधावी. जुने एक्सएल सुपर टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये टू-टी तेल मिसळावे लागते. लिटरमागे २० मिलिलिटर हे प्रमाण सर्वसाधारण वापराला योग्य आहे.

भंगारातून वस्तू उचलण्याचा एक नियम पाळावा. सुटे भाग गोळा करण्यापेक्षा एकाच गाडीचे पूर्ण संच घ्यावेत. पुढचा चिमटा (फोर्क), कोनसेट (हँडलच्या नळीतले बेअरिंग), पुढचे चाक आणि त्याचा ब्रेक एका गाडीचा असावा. मागचे चाक, ब्रेक ड्रम आणि स्प्रॉकेटही एका गाडीचे असावे. पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करून देणारे कारागीर मिळतात. संच मात्र स्थानिक भंगारवाल्याकडे स्वतः डोळ्यांनी पाहून घ्यावा. जुन्या स्कूटरची दहा इंची चाके मिनी बाइकला शोभतात, पण तिचे पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले असल्यामुळे दोन पायांच्या चिमट्यात ते सहज बसत नाही. स्कूटरच्या या चाकांची रिंग दोन भागांत असते. टायर काढताना आधी हवा पूर्णपणे सोडावी आणि त्यानंतरच दोन्ही भाग जोडणारे नट सैल करावेत. हवा असताना नट काढणाऱ्याच्या तोंडावर रिंगचा अर्धा भाग येऊन आदळू शकतो.

ब्रेक शू, केबल, चेन, बेअरिंग आणि नट-बोल्ट नवेच घ्यावेत. बोल्टच्या डोक्यावर मजबुतीचा ८.८ असा आकडा असावा. सायकलची चेन आणि बाइकची ४२८ नंबरची चेन या दोहोंच्या दातांमधले अंतर १२.७ मिलिमीटर असल्याने सायकलची चेन चालून जाईल असे वाटते. पण ती अरुंद आणि कमजोर असते, त्यामुळे इंजिनाच्या झटक्याने तुटते.

सांगाडा उभारताना सुरुवात पाइपपासून न करता चाकांपासून करावी. दोन्ही चाके सपाट फरशीवर उभी करून त्यांच्या आसांमध्ये साधारण एक मीटर अंतर ठेवावे, चालवणाऱ्याला मधोमध स्टुलावर बसवावे आणि हँडल, आसन व पायठेवण्याच्या जागा ठरवाव्यात. मग इंजिनाची जागा आखावी. जोडाच्या ठिकाणी पाइपचे टोक माशाच्या तोंडासारखे कापून दुसऱ्या पाइपवर घट्ट बसेपर्यंत घासावे, कारण फट भरून काढलेला जोड बाहेरून कितीही छान दिसला तरी आतून पोकळ असतो. पाइप तापवून वाकवायचा असेल, तर त्यात वाळू भरावी आणि ती पूर्ण कोरडी असावी. वाळू ओलसर असल्यास वाफ होऊन पाइपच्या टोकाचे बुच उडते. सगळे जोड प्रथम वेल्डिंगचे छोटे टाके घालून धरावेत, दोन्ही चाकांना लावून दोरी ताणावी आणि चाके एका रेषेत असल्याची खात्री झाल्यावरच ६०१३ प्रकारच्या अडीच मिलिमीटर वेल्डिंग रॉडने, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असे आलटूनपालटून, पूर्ण वेल्डिंग करावे. एकाच बाजूने ओढत नेलेल्या वेल्डिंगमुळे सांगाडा पिळतो. आपला भाऊ हे जाणतच असेल.

मागच्या ड्रमच्या प्लेटला टॉर्क आर्म लावून तो सांगाड्याला पक्का बांधणे घरगुती गाड्यांत सर्रास राहून जाते. तो नसेल, तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक अचानक जाम होते. इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी दोन्ही ब्रेक, मूठ सोडताच आपोआप परतणारा अॅक्सिलरेटर आणि मनगटाला दोरीने बांधलेला, इंजिन बंद करणारा किल स्विच या तीन गोष्टी तयार असाव्यात.

प्रश्न : मी पदविका अभ्यासक्रमाला असून मित्रांसह मिनी बाइक बनवली आहे. पुढचा चिमटा मोपेडचा, चाक मात्र दहा इंची बसवले आहे. वेग थोडा वाढला की हँडल दोन्ही बाजूंना थडथडते. हँडलच्या नळीचा कल उभ्या रेषेपासून १५ अंश आहे आणि चाकाचा आस त्या नळीच्या रेषेपुढे ५० मिलिमीटर आहे.
— एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही मापे पाठवलीत, त्यामुळे दोष नेमका सांगता येतो. हँडलच्या नळीची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती जिथे टेकते, त्या बिंदूपासून टायर जमिनीला टेकतो तो बिंदू काही अंतर मागे असावा लागतो. या अंतराला ट्रेल म्हणतात. गाडी पुढे जाताना हेच अंतर चाकाला सरळ रेषेत ओढून ठेवते.

३.५० × १० च्या टायरसह तुमच्या चाकाची त्रिज्या सुमारे २१५ मिलिमीटर धरू. त्रिज्येला कलाच्या साइनने गुणायचे, त्यातून आस जितका पुढे आहे ते अंतर वजा करायचे आणि बाकीला कलाच्या कोसाइनने भागायचे. तुमच्या आकड्यांनी ५५.६ वजा ५०, म्हणजे ५.६ उरतात आणि ट्रेल जेमतेम ६ मिलिमीटर येतो. इतक्या अल्प ट्रेलवर चाक स्वतःहून सरळ राहत नाही. मोपेडचे मूळ सोळा इंची चाक आणि २५ अंशांच्या आसपासचा कल धरला, तर याच चिमट्यावर ट्रेल सत्तर मिलिमीटरच्या जवळ भरतो. चाक लहान झाले आणि नळी उभी झाली, अशा दोन्ही बाजूंनी तो घटला.

उपाय म्हणून हँडलची नळी कापून २७ अंशांवर पुन्हा जोडावी. मग ट्रेल सुमारे ५३ मिलिमीटर होईल. माळरानावर तेवढा पुरतो. जोडाच्या खाली-वर पत्र्याचे त्रिकोणी आधार द्यावेत, कारण संपूर्ण गाडीत सर्वांत जास्त ताण याच ठिकाणी येतो. काम झाल्यावर नळीतून ओवलेली दोरी ताणून जमिनीवर खूण करावी, आसावरून ओळंबा सोडून दुसरी खूण करावी आणि दोन खुणांमधले अंतर प्रत्यक्ष मोजावे. हे करण्याआधी कोनसेट सैल नाही ना, तेही पाहून घ्या. त्याने थडथड वाढते, पण तुमच्या गाडीतला मूळ दोष तो नव्हे. दहा इंची चाकाच्या स्कूटीचा चिमटा तिच्याच चाकासह घेतला असता, तर यांतले बरेच गणित कारखान्यातच सुटलेले मिळाले असते.

प्रश्न : १६३ सीसीच्या इंजिनाला १० दातांचा सेंट्रिफ्यूगल क्लच आणि सोळा इंची मागच्या चाकाला ३० दातांचे स्प्रॉकेट लावले आहे. सपाटीवर गाडी पळते, चढावर क्लचमधून धूर येतो. क्लच हलक्या प्रतीचा असावा का?
— एक गॅरेजचालक, जुन्नर

उत्तर : क्लच निर्दोष असावा. आपले गुणोत्तर, म्हणजे ३० भागिले १०, ३ आहे. २.५० × १६ टायरचा परीघ सुमारे १.६७ मीटर धरल्यास ३६०० फेऱ्यांना गाडीचा कागदावरचा वेग ताशी १२० किलोमीटर येतो. तेवढी ताकद त्या इंजिनात मुळीच नाही. असा क्लच साधारण २००० फेऱ्यांच्या आसपास पूर्ण पकडतो आणि आपल्या गुणोत्तरात त्या फेऱ्यांना वेग ताशी ६७ किलोमीटर असायला हवा. याचा अर्थ त्याहून कमी वेगात, म्हणजे माळावर जवळजवळ सदासर्वदा, क्लच घसरतच राहतो. तो जळणारच.

एकच मोठे स्प्रॉकेट लावून हे सुटणार नाही, कारण १२ च्या आसपास गुणोत्तर हवे आणि त्यासाठी लागणारे १२० दातांचे स्प्रॉकेट खडबडीत जमिनीला घासेल. मध्ये जॅकशाफ्ट (दोन स्प्रॉकेटांचा मधला दांडा) घालून वेग दोन टप्प्यांत उतरवावा. पहिल्या टप्प्यात १० वरून ३० आणि दुसऱ्यात ११ वरून ४४ दात घेतल्यास एकूण गुणोत्तर १२ होते. सर्वाधिक वेग ताशी ३० किलोमीटर राहतो आणि क्लच ताशी १७ किलोमीटरच्या आसपास पूर्ण पकडतो. घरी बनवलेल्या गाडीला ताशी तीस किलोमीटर भरपूर झाले. जॅकशाफ्ट दोन्ही टोकांना बेअरिंगवर बसवावा आणि दोन्ही चेनवर पत्र्याचे झाकण घालावे.

प्रश्न : मुलासाठी मिनी बाइक बनवत आहे. तो चौदा वर्षांचा आहे. शेतापासून गावापर्यंत दोन किलोमीटरचा रस्ता आहे, त्यावर तो चालवू शकेल का? जुन्या पेट्रोल टाकीला भोक पडले आहे, ती वेल्डिंग केली तर चालेल का?
— एक पालक, मंगळवेढा तालुका

उत्तर : रस्त्यावर तो मुळीच चालवू शकणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवता येत नाही. १६ वर्षे पूर्ण झालेल्यांना ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलपुरती सवलत आहे, तीही परवाना काढून. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ अन्वये अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. आपण स्वतः चालवावी म्हटले, तरी घरी बनवलेल्या गाडीची नोंदणी होत नाही आणि नोंदणीवाचून विमाही मिळत नाही. अपघात झाल्यास सगळी भरपाई आपल्या अंगावर येईल.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली होती, हे पुष्कळांना आठवत असेल. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे मनापासून कौतुक केले, पण ती नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील, हेही स्पष्ट सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाने ती स्वीकारली. कौतुक झाले म्हणून गाडी रस्त्यावर चालवण्याची मुभा मिळाली, असे झाले नाही.

कायद्यातील मोटार वाहनाच्या व्याख्येतून २५ सीसीपर्यंतच्या, चारपेक्षा कमी चाकांच्या गाड्या आणि केवळ बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेली विशेष वाहने वगळली आहेत. म्हणून स्वतःच्या, कुंपण घातलेल्या रानाबाहेर ही गाडी नेऊ नये. गायरान किंवा गावचा माळ हे आपले आवार नव्हे. कुंपणाच्या आतही मुलाला हेल्मेट, हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट घातल्याशिवाय बसू देऊ नये, आणि प्रौढ व्यक्ती जवळ असावी. इंजिन विकत घेताना विक्रेत्याकडून इंजिन क्रमांकासह पावती घ्यावी, म्हणजे पुढे चोरीच्या मालाचा संशय येणार नाही.

टाकी वेल्डिंग करू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरलेली असते आणि ठिणगी पडताच टाकीचा स्फोट होतो. साबणाच्या पाण्याने धुतल्याने ती सुरक्षित होतेच असे नाही. दुसऱ्या मोपेडची धड टाकी घ्यावी, ती सायलेन्सरपासून लांब आणि रबरी गादीवर बसवावी, आणि टाकीखाली पेट्रोल बंद करायचा कॉक बसवून तो चालवणाऱ्याच्या हाताशी येईल असा ठेवावा.