स्कॉटलंडमध्ये भूशास्त्राची पदवी: प्रवेशाआधी क्षेत्रकार्याची चौकशी करा

बारावीनंतर स्कॉटलंडमध्ये भूशास्त्राची पदवी घ्यावी का आणि त्यातले क्षेत्रकार्य, म्हणजे डोंगरदऱ्यांत जाऊन खडकांचा प्रत्यक्ष अभ्यास, झेपेल का, असे आपण विचारले आहे. मी हीच पदवी इथे घेतली आणि इथेच स्थायिक झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

इंग्लंडमध्ये बीएस्सी साधारणतः 3 वर्षांची असते, तर इथे ऑनर्स पदवीला 4 वर्षे लागतात. मात्र पहिल्या वर्षी अन्य विषयही घेता येतात. विद्यापीठ निवडताना क्रमवारीपेक्षा क्षेत्रकार्याचे दिवस किती, त्यांचा खर्च शुल्कातच धरलेला आहे का आणि अभ्यासक्रमाला लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीची मान्यता आहे का, हे विचारावे. क्षेत्रकार्याची सहल स्पेनला जाणार असेल, तर भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा काढावा लागतो. त्याची तजवीज काही महिने आधी करावी.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टच्या जवळजवळ आडव्या थरांनी व्यापलेला आहे. त्यामुळे सह्याद्रीत कितीही भटकंती केलेली असली, तरी घड्या पडलेले किंवा एकमेकांवर सरकलेले खडक आपल्या नजरेच्या सवयीचे नसतात. स्काय बेटावरचे पायऱ्यापायऱ्यांचे बेसाल्टचे डोंगर आपल्याला ओळखीचे वाटतील, पण वायव्य स्कॉटलंडमधील असिंटमध्ये जुने खडक नव्या खडकांवर चढलेले दिसतात आणि वर ते जुने, खाली ते नवे असे का, हे नतीची (थरांच्या कलाची) मापे घेत, नोंदवहीत रेखाटने करत स्वतःच उलगडावे लागते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सिकार पॉइंटला आधुनिक भूशास्त्राचे जनक मानले जाणारे जेम्स हटन 1788 मध्ये गेले होते. तिथे जवळजवळ उभ्या झालेल्या सिल्युरियन काळातल्या ग्रेवॅक या कठीण वालुकाश्मावर त्यानंतरच्या डेव्होनियन काळातला तांबडा वालुकाश्म विसावलेला आहे आणि दोहोंमध्ये काही कोटी वर्षांचा खंड आहे. भूशास्त्रीय काळ म्हणजे काय, हे तिथे उभे राहिल्यावर जितके पटते, तितके कोणत्याही व्याख्यानाने पटत नाही, असे माझे ठाम मत आहे. अशा खडकांची नजरेला थोडी सवय व्हावी म्हणून निघण्यापूर्वी सिंधुदुर्गातील कलादगी वालुकाश्म, किंवा नागपूर-भंडारा भागातील सौसर गटाचे मँगनीजधारक खडक जाणकाराबरोबर अवश्य पाहून घ्या.

सर्वांत कठीण भाग स्वतंत्र मॅपिंगचा असतो. बहुधा तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात काही आठवडे एका ठरावीक परिसरात राहून 1:10,000 प्रमाणाचा भूशास्त्रीय नकाशा तयार करावा लागतो. सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला 20 तासच काम करता येते, त्यामुळे सुट्टीतल्या पूर्णवेळ कमाईवर अनेकांची भिस्त असते. मॅपिंगमुळे नेमके तेच आठवडे जातात. आपल्या चार वर्षांच्या अंदाजपत्रकात त्या उन्हाळ्याची कमाई कमीच धरावी. शारीरिक कष्टांची भीती मात्र बाळगू नका: पाऊस, वारा आणि दलदल यांची सवय होते, आणि प्रकृतीची काही अडचण असल्यास विभागाला आधीच कळवले की पर्यायी व्यवस्थेचा विचार केला जातो.

बूट भारतात घेऊन घरीच वापरून मऊ करा, परंतु कंपास इथेच विकत घ्या, कारण त्याची सुई पृथ्वीच्या चुंबकीय पट्ट्यानुसार संतुलित केलेली असते आणि भारतासाठी बनवलेल्या कंपासाची सुई इथे एका बाजूला झुकून अडकू शकते.