घराचा पाया खणताना निघालेली लहान हाडं माणसाची की जनावराची, हे नुसतं बघून कळतं का?

हाड अखंड असेल तर बहुतेक वेळा कळतं. ही हाडं तान्ह्या बाळाची असावीत अशी कुजबुज गावात सुरू झालीय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवतो. पोलिसांकडून अशा हाडांची गाठोडी आमच्याकडे तपासायला येतात.

लहान हाड म्हणजे बाळाचं हाड, ही समजूत आधी सोडा. मी पहिल्यांदा टोकं बघतो. तान्ह्या बाळाच्या मांडीच्या हाडाची टोकं बहुतांशी कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक भागाची असतात. मातीत ती कुजतात आणि दोन्हीकडे खरबरीत झालेली नुसती दांडी उरते. याउलट बोटभर हाडाची दोन्ही टोकं दांडीला पक्की जुळलेली असतील, सांधा गुळगुळीत असेल, तर ते वाढ पूर्ण झालेल्या छोट्या प्राण्याचं. कोंबडीचं हाड तर हातात घेताच हलकं लागतं, आतून पोकळ, भिंत पातळ.

एका गाठोड्यावरून गावातल्या एका मुलीकडे बोट दाखवलं जात होतं. फडकं सोडलं तर आत शेळीच्या पायाची नळी: दोन हाडं जुळून एक झालेली, समोर उभी खाच, खाली कप्पीसारखी दोन टोकं. माणसाच्या शरीरात असं हाडच नाही. त्या दिवशी अहवाल मी हातोहात दिला.

मोठ्या हाडांत कवटी सर्वांत सोपी. मज्जारज्जू कवटीतून बाहेर पडतो ते भोक माणसात खाली तळाशी, चार पायांच्या जनावरात मागे. फसवतो तो अस्वलाचा पंजा. नखं गेली की हुबेहूब माणसाचा हात वाटतो. तळव्याच्या हाडांच्या टोकावर मधोमध उभा कंगोरा असेल तर तो अस्वलाचा. आपली टोकं गुळगुळीत गोल असतात.

नुसते तुकडे असतील तर सूक्ष्मदर्शक लागतो. गाय, शेळी यांच्या हाडात विटांच्या थरांसारखी रचना दिसते. पण ती लहान मुलांतही कधी सापडते, म्हणून एवढ्यावर मी निकाल देत नाही, डीएनए तपासणी सुचवतो.

तुम्ही पोलिसांना कळवा, पंचनामा होऊ द्या. हाडं धुऊ नका, आणि खणलेली माती तर मुळीच फेकू नका. बाळ असेल तर त्याच्या न उगवलेल्या दातांच्या, टोपीसारख्या इवल्या कपच्या त्या मातीतच असतील. ती बारीक चाळणीने चाळावी लागेल.