जपानला नेताना: लॅपटॉप, मिक्सर आणि १०० व्होल्ट

प्रश्न: नोकरीसाठी दोन वर्षं टोकियोला जात आहे. तिथे वीज १०० व्होल्टची असते म्हणे. ऑफिसचा लॅपटॉप आणि घरचा ७५० वॅटचा मिक्सर चालेल का?

उत्तर: लॅपटॉपची काळजी नको. चार्जरच्या ठोकळ्यामागची बारीक अक्षरं वाचा. ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल, तर ट्रान्सफॉर्मर लागत नाही. अडतं ते पिनवर. तिथल्या बहुतेक सॉकेटना दोनच चपट्या फटी असतात, आपला तीन गोल पिनांचा प्लग शिरत नाही. अ‍ॅडॉप्टरवर जड प्लग लोंबकळत ठेवण्यापेक्षा ठोकळ्यात घुसणारी वायरच तिथे नवी घ्या. जुनी सोबत न्या, म्हणजे टोक जुळवून घेता येईल.

मिक्सरचं मात्र तसं नाही. २३० व्होल्टच्या मोटरला १०० व्होल्ट दिले, तर ताकद जेमतेम पाचवा हिस्सा उरते. भिजवलेल्या उडदात पातं अडकतं, आणि बटण तसंच दाबून धरलं की वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) जळतं. चालवायचाच, तर १५०० वॅटचा स्टेप-अप (व्होल्टेज वाढवणारा) ट्रान्सफॉर्मर हवा, कारण सुरू होताना मोटर दुपटीहून जास्त करंट ओढते. तो काही किलो वजनाचा असतो, म्हणून तिथेच घ्या. हलका ‘ट्रॅव्हल कन्व्हर्टर’ हीटरसाठी असतो, मोटरला लावू नका. तिथलं साधं सॉकेट १५ अँपिअरचं, म्हणजे १५०० वॅटचं. त्याच लाइनवर मायक्रोवेव्ह लावला, तर ब्रेकर पडू शकतो.

आमचं मत विचाराल, तर मिक्सर घरीच ठेवा आणि अमेरिकेसाठी बनणारं ११० व्होल्टचं भारतीय मॉडेल न्या. ते १०० व्होल्टवर थोडं हळू फिरतं, पण चटणी नीट वाटतं.