सायकलचं कुलूप मार लागून अडकलं आहे, किल्ली फिरत नाही. कापावंच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की उभ्या सायकलवर शेजारची मोटरसायकल कलंडली, यू आकाराच्या कुलपाला मार बसला, आणि तेव्हापासून किल्ली आत पूर्ण जाते, जराशी फिरते आणि तिथेच अडते. जोर दिला की किल्लीच वाकायला लागते. सगळ्यात आधी तो जोर लावणं थांबवा. सायकल दुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. कापायला म्हणून माझ्याकडे आलेल्या कुलपांपैकी पुष्कळशी मुळात कापावी लागतील अशी नव्हतीच. कुणीतरी पक्कड लावून किल्ली फिरवली, ती आत तुटली, आणि मग खरा प्रश्न उभा राहिला. तुमची किल्ली अजून अख्खी आहे, म्हणजे तुमच्या हातात बरंच काही शिल्लक आहे.

कुलूप अडलंय म्हणजे नेमकं काय अडलंय, ते आधी ठरवायला हवं. किल्ली आतच जात नसेल तर भोकात माती, गंज किंवा तुटका तुकडा असतो. आत जाते पण तसूभरही फिरत नाही, तर किल्ली झिजलेली किंवा वाकलेली असते, नाहीतर आतल्या पिना चिकटलेल्या असतात. आणि किल्ली फिरते पण कुलूप सुटत नाही, तेव्हा दोष बहुधा किल्लीच्या पलीकडे, कडी धरून ठेवणाऱ्या खिट्टीत असतो.

तुमचं वर्णन मला या तिसऱ्या प्रकाराचं वाटतं. दातेरी किल्लीच्या कुलपात छोट्या पिना आणि त्यांच्यामागे स्प्रिंगा असतात. सगळ्या पिना एका रेषेत आल्याशिवाय आतला गोळा, म्हणजे किल्ली ज्यात जाते तो फिरणारा भाग, फिरतच नाही. किल्ली स्पष्टपणे फिरून मग अडत असेल, तर तिने तिचं काम केलंय. पुढे खिट्टी कडीच्या खाचेत दाबली गेली आहे, म्हणून ती सरकत नाही. मार बसून कडीचा पाय किंचित तिरका झाला तरी एवढं पुरतं. काही चांगल्या यू-लॉकमध्ये पिनांऐवजी फिरणाऱ्या चकत्या असतात, आणि त्यांची किल्ली उघडण्याआधीही काही अंश फिरतेच. त्यामुळे एक गोष्ट आठवून पाहा: पूर्वी कुलूप उघडायचं तेव्हा किल्ली कुठपर्यंत यायची आणि आता कुठे थांबते? अगदी शेवटी अडत असेल तर खिट्टीच.

मग उपाय म्हणजे खिट्टीवरचा दाब काढणं. आधी सायकल अशी धरा की कुलपावर तिचं वजन नसेल. फ्रेम आणि खांब यांच्यामध्ये कडी ताणलेली असेल तर कितीही तेल घालून उपयोग नाही. जमलं तर मदतीला कुणालातरी घ्या. एकाने किल्ली फक्त अंगठा आणि एका बोटाने, हलक्या दाबाने उघडण्याच्या दिशेला धरून ठेवायची. दुसऱ्याने कुलपाचा आडवा दांडा (किल्लीचं भोक असतो तो भाग) आणि यू आकाराची कडी एकमेकांत घट्ट दाबायची, मग सैल सोडायची, मग किंचित ओढायची, मग कडीचे दोन्ही पाय जवळ दाबून पाहायचे, आणि पुन्हा बाहेरच्या बाजूला फाकवून. घाई करू नका. यातल्या एखाद्या स्थितीत दाब सुटतो आणि अडलेली किल्ली आपसूक पुढे जाते. बोटांना ते लगेच कळतं. तेवढ्याने नाही झालं तर किल्लीवरचा तोच हलका दाब कायम ठेवून, खिट्टी जिथे आहे तिथे आडव्या दांड्यावर हातोडीच्या लाकडी दांड्याने टकटक करा. ठोकायचं नाही, हादरा द्यायचा. किल्लीवर तर कधीच मारू नका.

याच्या आधी किंवा मधल्या वेळात कुलूप आतून धुऊन घ्या. यासाठी डब्ल्यूडी-४० चालतं, पण ते काय आहे हे माहीत असावं. १९५३ साली सॅन डिएगोमधल्या एका छोट्या रॉकेट-रसायन कंपनीने ते बनवलं, ओलावा हटवून गंज थांबवण्यासाठी. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर ते वापरलं गेलं. नावातला ४० म्हणजे चाळिसावा फॉर्म्युला. म्हणजे अडकलेलं सोडवायला ते उत्तम, पण कायमचं वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका. बारीक नळी भोकात घालून फवारा मारा, थोडा वेळ थांबा आणि मग किल्ली न फिरवता नुसती आत-बाहेर करा. दर वेळी किल्ली फडक्याला पुसा. सुरुवातीला फडक्यावर काळा चिखल येतो, त्यात पितळेची चमकती भुकटीही दिसते; ती किल्ली आणि पिना झिजून झालेली असते. फडकं स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवा, आणि जमेल तेवढं कुलपाचं भोक खाली करून धरा म्हणजे घाण आत न जाता बाहेर येते. गंज असेल तर रात्रभर मुरू द्या.

फवारा मारताना चाकाच्या रिमवर आणि विशेषतः डिस्क ब्रेकच्या चकतीवर फडकं टाका. तिथे तेल लागलं तर कुलूप उघडेल, पण ब्रेक धरणार नाही, आणि ते फार महागात पडू शकतं. स्वयंपाकाचं तेल घालू नका. काही दिवसांत ते चिकट होतं आणि त्याला धूळ धरते. ग्रीसही नको. आणि आग तर अजिबात नको, मग ती मेणबत्ती असो की लायटर. आत नायलॉनचे भाग असतात, बाहेर रबर आणि रंग असतो. कडाक्याच्या थंडीत कुलूप गोठलं असेल तर किल्ली हातात धरून कोमट करायची किंवा बर्फ वितळवणारा फवारा वापरायचा. गरम पाणी ओतलं तर तेच पुन्हा आत गोठतं.

आता किल्लीकडे वळू. ती तुम्ही वाकवलीच आहे, म्हणून नीट पाहा. सपाट काचेवर ठेवा आणि खालून उजेड दिसतो का बघा. वाकलेली असेल तर सपाट लाकडावर ठेवून लाकडी ठोकळ्याने हळूहळू दाबत सरळ करा, पकडीत धरून उलटी वाकवू नका. मानेपाशी केसासारखी बारीक रेघ दिसली तर ती चीर आहे. ती किल्ली कुलपात पुन्हा घालू नका. कुलपाबरोबर आलेली दुसरी किल्ली घरात कुठेतरी असेल, ती शोधा. न वापरलेली किल्ली झिजलेली नसते आणि कित्येकदा एवढ्यानेच काम होतं. झिजलेल्या किल्लीवरून नक्कल करून आणली तर झीजसुद्धा नकलेत उतरते. त्यापेक्षा किल्लीवर किंवा तिच्यासोबतच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर एखादा नंबर आहे का पाहा. पुष्कळ कुलूप कंपन्या त्या नंबरावरून मूळ मापाची किल्ली बनवून देतात. दरम्यान झिजलेल्या किल्लीवर एक प्रयोग करा: ती पूर्ण आत घाला, मग अगदी अर्धा मिलिमीटर मागे घ्या, किंचित वर उचला आणि फिरवून बघा. झिजलेले दात पिनांना पुरेसे उचलत नाहीत. एवढ्या फरकाने कधीकधी त्या रेषेत येतात.

किल्ली तुटलीच तर तुकडा ढकलू नका. बाजारातले जाड चिमटे त्याला आणखी आत घालवतात. भोकात तेल सोडा, बारीक पेचकसाने गोळा किल्ली घालायच्या मूळ स्थितीत परत आणा, कारण तिरक्या स्थितीत तुकडा बाहेर येऊच शकत नाही. मग नक्षीच्या करवतीचं अगदी पातळ पातं, दात बाहेरच्या दिशेला ठेवून, तुकड्याच्या दातेरी कडेने आत सरकवा, पात्याच्या दातात किल्लीचे दात अडकवा आणि सरळ ओढा. चिकटवायच्या गोंदाच्या युक्त्या सांगणारे खूप भेटतील. तो गोंद पिनांवर गेला की कुलूप संपलं.

तुमचं कुलूप यू-लॉक आहे, पण हाच प्रश्न शोधत येणाऱ्यांसाठी बाकीच्यांचंही थोडं सांगतो. मागच्या चाकावर बसवलेल्या गोल कुलपात बहुतेक वेळा गुन्हेगार असतो चाकाचा स्पोक. कडी त्याला टेकून दाबली गेलेली असते. चाक बोटभर पुढे-मागे करून किल्ली फिरवा. किल्ली पूर्ण फिरते पण कडी मागे जात नाही, तर आतली स्प्रिंग थकली किंवा गंजली आहे. किल्ली फिरवलेलीच धरून कडीचा खटका हाताने मागे ढकला. तरी नाही, तर कुलूप फ्रेमला धरणारे स्क्रू बाहेरून दिसतात का बघा. दिसत असतील तर ते काढून चाक कुलपासकट सोडवता येतं आणि अख्खी सायकल खांद्यावर न घेता फक्त चाक किल्लीवाल्याकडे नेता येतं. आकड्यांच्या कुलपाला मार बसला की चकत्या एखाद्या घराने सरकलेल्या असू शकतात, म्हणून आपला नंबर लावून प्रत्येक आकडा एक पुढे, एक मागे करून पाहावा आणि तसं करताना कडी हलकीच ओढलेली ठेवावी.

हे सगळं करूनही हललं नाही तर आधी कुलपाच्या कारागिराला बोलवा, कापणाऱ्याला नंतर. चांगला कारागीर खिट्टीची जागा ओळखून छोटं भोक पाडून काम भागवतो आणि फ्रेमला ओरखडाही येत नाही.

कापायचंच ठरलं तर आधी मालकीचा पुरावा हाताशी ठेवा: बिल, सायकलसोबतचा जुना फोटो, आणि फ्रेमचा नंबर, जो साधारणपणे पायडलच्या आसाखाली कोरलेला असतो. जागेच्या रखवालदाराला आधी सांगा. भर रस्त्यात ग्राइंडर चालू झाला की लोक जमणारच, आणि त्यांनी विचारलं तर राग मानू नका. तुमची सायकल दुसरं कुणी कापत असताना हेच लोक विचारतील अशी तुमचीही इच्छा असेल.

तारेचं कुलूप तार कापायच्या कात्रीने तुटतं. कापायच्या जागी आधी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर तारा फुटून हाताला लागतात. यू-लॉकचं वेगळं आहे. कडीवर कानस घासून पाहा. कानस घसरत असेल, धातूला लागत नसेल, तर पोलाद कडक केलेलं आहे आणि हॅकसॉने तुम्ही फक्त पाती संपवाल. जाड कडीवर हातातला बोल्ट कटरही चालत नाही. उरतो अँगल ग्राइंडर. खिट्टी एकाच पायात असेल तर कधीकधी एका कापाने कडी फिरवून निघते; दोन्ही पायांत असेल तर दोन काप घ्यावे लागतात. डोळ्यांवर चष्मा हवाच, हातमोजे हवेत, सैल कपडे नकोत. ठिणग्यांनी रंग जळतो आणि टायरला भोकं पडतात, म्हणून फ्रेम, टायर आणि सीट जाड ओल्या कापडाने झाका. फ्रेम कार्बनची असेल तर हे काम स्वतः करू नका, कारण पात्याचा एक चुकार स्पर्श किंवा ठिणग्यांची उष्णता तिला कमकुवत करू शकते. आणि काप पूर्ण होताना ताणलेली कडी झटक्याने उघडते, पातं त्यात अडकतं, म्हणून शेवटच्या टप्प्यात दाब कमी करा. कापलेली टोकं लगेच हातात घेऊ नका, ती भाजतात.

कुलूप सुटलं तर आनंदाच्या भरात ते लगेच पुन्हा सायकलला लावू नका. हातात धरून, उघड्यावर, बंद-उघड करून पाहा, आणि दर वेळी किल्ली सहज फिरते की कुरकुरते ते ऐका. ओला फवारा वाळला की कोरडं टेफ्लॉनचं वंगण किंवा ग्राफाइटची भुकटी घाला. भुकटी नसेल तर मऊ पेन्सिल किल्लीच्या दातांवर घासूनही चालतं. तेल ओलं असताना ग्राफाइट टाकलं तर त्याचा लगदा होतो. कडी वाकलेली दिसत असेल तर तापवून किंवा ठोकून सरळ करू नका. कडक पोलाद तसं हाताळलं की कमकुवत होतं किंवा तडकतं, आणि ते कुलूप तुम्हाला पुन्हा एखाद्या अडचणीच्या वेळी अडकवेल. तसं असेल तर नवीन घ्या, आणि घेतल्याच्या दिवशी किल्लीवरच्या नंबराचा फोटो काढून दुसरी किल्ली सायकलच्या पिशवीत न ठेवता घरी ठेवा.