किल्ला पडला, घेतला की सर केला?

प्रश्न असा : अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेने फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेलसन हे नदीवरचे किल्ले ‘सर केले’ म्हणावे की ‘काबीज केले’? आणि त्यांना जलदुर्ग म्हणता येईल का?

जलदुर्ग नको. तो शब्द वाचला की चहूकडे पाणी असलेले सिंधुदुर्ग आणि जंजिरा डोळ्यांपुढे येतात. हे दोन्ही नदीकाठी मातीचे तट रचून केलेले कोट होते. अशा कोटाला आपल्याकडे ‘धुळकोट’ म्हणत. फार नेमका शब्द आहे, तो जरूर वापरा.

आता क्रियापद. ‘सर करणे’ म्हटले की चढाई आणि हातघाई आलीच. सिंहगड सर झाला तो तसा. फोर्ट हेन्रीला हे लागू पडत नाही. ६ फेब्रुवारी १८६२ रोजी टेनेसी नदीला पूर होता आणि सखल जागी बांधलेल्या कोटात पाणी शिरले होते. किल्लेदार टिलमनने बहुतेक शिबंदी आधीच डोनेलसनकडे धाडली होती. तो स्वतः शंभराहून कमी माणसांनिशी तोफांपाशी थांबला. उत्तरेचा नौदल अधिकारी फूट याच्या चिलखती तोफनौकांनी तासाभराहून थोडा अधिक वेळ मारा केला आणि टिलमनने निशाण उतरवले. शरणागती घ्यायला आलेली होडी वल्हवत थेट कोटाच्या दारातून आत गेली! उत्तरेचा सेनानी ग्रँट याचे पायदळ तेव्हा वाटेत चिखल तुडवत होते. म्हणून ‘हेन्री पडला’ लिहा, किंवा ‘तोफनौकांनी घेतला’. ‘ग्रँटने जिंकला’ मात्र नको.

कंबरलंड नदीवरच्या डोनेलसनची गोष्ट निराळी. १४ तारखेला तिथल्या तोफांनी नौका पिटाळल्या, फूट जखमी झाला. दुसऱ्या दिवशी आतल्या फौजेने वेढा फोडून वाट मोकळी केली, पण आतल्या सेनानींपैकी पिलोने माणसे पुन्हा खंदकांत बोलावली. त्या रात्री फ्लॉइड आणि पिलो हे वरिष्ठ सेनानी निसटले. शरण जायचे काम त्यांच्या हाताखालच्या बकनरवर आले. त्याने अटी विचारल्या. ग्रँटने कळवले, तत्काळ आणि बिनशर्त शरणागती, दुसरे काही नाही.

या प्रसंगासाठी जुन्या मराठीत ‘कौल’ आहे : जीविताचे, चीजवस्तेचे अभयवचन, ते मिळाल्यावर गड खाली करायचा. १७३९ मध्ये वसईच्या पोर्तुगीजांना चिमाजी अप्पांनी अटी मान्य करून बाहेर पडू दिले. ‘बकनरने कौल मागितला, ग्रँटने नाकारला’ एवढ्या वाक्यात डोनेलसनचा शेवट उभा राहतो. त्यापुढे ‘किल्ला हवाली केला’ लिहा; बारा हजारांवर सैनिक कैद झाले.

‘काबीज’ चुकीचा नाही. पण तो फक्त निकाल सांगतो, त्यामुळे मथळ्यात ठीक. पुढे नॅशव्हिलचा उल्लेख येणार असेल, तर तिथे ‘जिंकले’ टाळा. दक्षिणेच्या फौजेने ते शहर न लढता खाली केले होते.